कोशिंबीर लिहून द्यावी, पण मात्रेसह

फाल्गुन सरून चैत्राचे ऊन तापू लागले की वसई-विरार परिसरातील चिकित्सालयांत एक प्रश्न नेमाने विचारला जातो : "डॉक्टर, रोज सलाड खाल्ले तर चालेल ना?" विचारणारा बहुधा ते आधीच खात असतो. कोणास वजन उतरवावयाचे असते, कोणास मधुमेह असतो, कोणास मलावरोधाचा त्रास असतो. वाडगाभर कच्ची काकडी, गाजर, बीट, कोबी, मोड आलेले मूग आणि त्यातच सफरचंद व केळ्याच्या फोडी असे हे मिश्रण रात्री जेवणाऐवजी घेतले जाते. त्याच रुग्णाच्या तक्रारींत मग आध्मान, आटोप, अम्लोद्गार आणि सकाळचा असमाधानकारक मलप्रवृत्तीचा पाढा ऐकावयास मिळतो.

या प्रश्नास वैद्यवर्गाकडून दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. काहीजण "आयुर्वेदात कच्चे वर्ज्य आहे" असे सांगून विषय संपवितात. काहीजण प्रचलित मताशी जुळवून घेत "भरपूर सलाड खा" एवढेच कागदाच्या तळाशी लिहितात. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिले उत्तर शास्त्रास धरून नाही आणि दुसऱ्यास चिकित्सा म्हणता येत नाही. आपण त्रिफळा लिहिताना मात्रा, काल आणि अनुपान लिहितो. रोजच्या पानात जाणाऱ्या द्रव्याविषयी मात्र "भरपूर" हा एकच शब्द वापरतो. कोशिंबीरही औषधाप्रमाणेच मात्रा, काल व संस्कार यांसह लिहून द्यावी, हे आमचे म्हणणे आहे.

शास्त्राची भूमिका

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात अन्नपानाचे बारा वर्ग सांगितले आहेत. त्यांत शाकवर्ग वेगळा, फलवर्ग वेगळा आणि हरितवर्ग वेगळा आहे. हा तिसरा वर्ग आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. आले, मुळा, तुळस, ओवा, धने, कांदा, लसूण अशी द्रव्ये त्यात येतात. फळांप्रमाणेच ही द्रव्ये अग्निसंस्काराशिवाय, भोजनाच्या मागेपुढे वापरली जातात, असे स्पष्टीकरण चक्रपाणींनी टीकेत दिले आहे. म्हणजेच कच्च्या वनस्पतींना आचार्यांनी आहारात स्थान दिलेले आहे. मात्र ते स्थान प्रामुख्याने दीपन, रोचन व सुगंधी द्रव्यांना आहे. पानांच्या राशीला ते दिलेले नाही.

पालेभाजीविषयी त्याच अध्यायातील दंडक याहून वेगळा आहे. ती वाफवावी, रस पिळून काढावा आणि भरपूर स्नेह घालून खावी. मुळ्याचे उदाहरण तर प्रत्येक वैद्याने रुग्णास सांगावे असे आहे. कोवळा मुळा दोषहर, जून मुळा त्रिदोषकर, स्नेहात सिद्ध केलेला वातहर आणि वाळलेला कफवातहर. द्रव्य एकच, पण वय आणि संस्कार बदलले की परिणाम चार प्रकारचे होतात. मग "मुळा खावा की न खावा" या प्रश्नास एका शब्दात उत्तर कसे देता येईल?

मराठी घरातील पारंपरिक पानाने हा भेद फार पूर्वीपासून सांभाळला आहे. मीठ, लिंबू, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर ही पानाच्या डाव्या बाजूस वाढली जातात. शिजवलेली भाजी उजव्या बाजूस वाढली जाते. डाव्या बाजूचे पदार्थ चमच्याने वाढावयाचे असतात. रुची उत्पन्न करणे आणि उजव्या बाजूच्या अन्नाच्या पचनास साहाय्य करणे हे त्यांचे काम. डाव्या बाजूचा पदार्थ संपूर्ण ताट व्यापू लागला, तेथून आजच्या तक्रारींना सुरुवात झाली आहे.

आधुनिक आहारशास्त्राचे म्हणणेही येथे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाण्याचा सल्ला देते. या ४०० ग्रॅममध्ये शिजवलेली भाजीही मोजली जाते, ही बाब प्रचारात सहसा सांगितली जात नाही. 'क' जीवनसत्त्व शिजविण्याने घटते हे खरे. त्यासाठी काही भाग कच्चा असणे योग्यच आहे. पण गाजरातील कॅरोटीन शिजविल्याने आणि स्नेहासह घेतल्याने अधिक चांगले शोषले जाते, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही शास्त्रे येथे परस्परविरोधी नाहीत. काही कच्चे, बरेचसे शिजवलेले आणि दोहोंना स्नेहाची जोड, याच ठिकाणी दोन्ही येऊन पोहोचतात.

घरची कृती आणि तिच्यामागचा विचार

विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. ती पाठ नसलेला वैद्य विरळा. घरोघरी होणाऱ्या खमंग काकडीस ती लावून पाहावीत, म्हणजे त्यांचा व्यवहारातील उपयोग ध्यानात येईल.

चार माणसांसाठी दोन मध्यम, कोवळ्या काकड्या (सुमारे ३०० ग्रॅम) घ्याव्यात. धुऊन, दोन्ही टोके कापून प्रथम एक चकती चाखावी. कडू लागल्यास ती काकडी टाकून द्यावी. नंतर बारीक चिरून हलक्या हाताने पाणी पिळून काढावे. ते पाणी वाया न घालविता कणीक भिजविताना वापरता येते. त्यात दोन मोठे चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचे जाडसर कूट, तेवढेच ओले खोबरे, एक हिरवी मिरची, कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस व किंचित साखर घालावी. दोन लहान चमचे तुपात अर्धा चमचा जिरे व चिमूटभर हिंग यांची फोडणी करून वर ओतावी. सैंधव मात्र पाने वाढावयाच्या वेळीच घालावे. आधी घातल्यास पाणी सुटून चव व पोत दोन्ही बिघडतात.

आता यातील संस्कार पाहू. काकडी शीत व गुरू. तिच्यावर हिंग, जिरे व मिरची यांचा दीपन-पाचन संस्कार होतो. रुक्षतेवर तूप व खोबरे काम करते. पाणी पिळून काढण्याची रीत शाकवर्गातील दंडकाशी जुळते. हिंग, जिरे व सैंधव ही तर हिंग्वाष्टकातीलच द्रव्ये आहेत. ज्या पदार्थात पाचक आधीच घातलेले आहे, तो पदार्थ सोडून आपण फोडणीविना, स्नेहाविना कच्चा ढीग खावयाचा आणि नंतर पाचक चूर्णाची पुडी शोधावयाची, हा उलटा व्यवहार आहे.

गाजर किसून त्यास लिंबू व मोहरीची फोडणी द्यावी. कोवळा मुळा किसून त्यात भिजवलेली मुगाची डाळ थोडी वाफवून घालावी. कोबी, बीट यांचे प्रमाण कमी ठेवावे आणि ज्यांना वायूचा त्रास आहे त्यांनी ते एक वाफ देऊनच घ्यावे. टोमॅटो, हिरवी मिरची, पपई, पेरू, अननस ही द्रव्ये अमेरिका खंडातून आपल्याकडे आली. संहितांत त्यांची नावे सापडणार नाहीत. पण नाव नसले म्हणून विचार थांबत नाही. रस, गुण, वीर्य, विपाक यांवरून अनुमान करण्याची पद्धत आपल्याजवळ आहे आणि ती वापरणे हेच वैद्याचे काम आहे.

फळांची ताटली स्वतंत्र असावी. पिकलेली पपई, पेरू व डाळिंबाचे दाणे एकत्र करून त्यावर लिंबू, पुदिना, जिरेपूड, सैंधव आणि चिमूटभर सुंठ घालावी. दूध, दही, साय किंवा बर्फ घालू नये. डाळिंबादी फळे भोजनाच्या आरंभी घ्यावीत असे सुश्रुताचार्य सांगतात. आजच्या दिनक्रमात सकाळची न्याहारी व दुपारचे जेवण यांच्या मधला काळही यासाठी सोयीचा आहे. भरल्या पोटावर फळांचा वाडगा मात्र टाळावा.

केळीच्या गावातील एक विचार

वसई म्हटले की केळी आलीच. रेल्वेच्या पश्चिमेकडील भुईगाव, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या पट्ट्यातील वाड्या बावखलांच्या गोड्या पाण्यावर पोसल्या गेल्या. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून केलेली आगाशीची सुकेळी तर करण म्हणजे काय याचे गोड उदाहरण आहे. ताजे केळे दोन दिवसांत नासते. संस्काराने तेच टिकाऊ होते.

याच परिसरात दह्यातील केळ्याची कोशिंबीर आणि शिकरण आवडीने खाल्ली जाते. अष्टांगहृदयाच्या अन्नरक्षाध्यायात केळे हे ताक, दही किंवा ताडफळ यांच्यासह विरुद्ध सांगितले आहे. ज्या गावात एकाच बाजारात केळ्यांचे घड आणि ताडगोळ्यांच्या टोपल्या शेजारी मांडलेल्या असतात, तेथे हे वचन पुस्तकातच ठेवून कसे चालेल?

पण येथेही ताळतंत्र हवे. दीप्ताग्नी, तरुण, व्यायामशील व बलवान माणसास, तसेच सात्म्य झालेले व अल्प प्रमाणात घेतलेले विरुद्धान्न बाधत नाही, असे चरकाचार्यांनीच म्हटले आहे. पहाटेपासून वाडीत राबणाऱ्या शेतकऱ्याने सणाच्या पानात दोन चमचे केळ्याची कोशिंबीर खाल्ली तर तिच्यावर कोरडे ओढण्याचे कारण नाही. नालासोपाऱ्याहून रोज लोकलने चर्चगेटला जाऊन दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, त्वग्विकाराने त्रस्त मनुष्याने मात्र तीच गोष्ट, किंवा दूध घालून केलेले 'फ्रूट सॅलड', नित्य घेणे योग्य नाही. द्रव्य तेच, उपयोक्ता वेगळा. रुग्णास सरसकट भीती घालण्यापेक्षा हा भेद समजावून सांगितला तर तो पथ्य अधिक निष्ठेने पाळतो.

दह्याविषयीही हेच. रात्री दही घेऊ नये हे सर्वांना ठाऊक आहे. पण वसंत, ग्रीष्म व शरद या ऋतूंतही ते सामान्यतः प्रशस्त मानलेले नाही, याचा विसर पडतो. लोक तर उन्हाळ्यातच दह्याच्या कोशिंबिरी अधिक खातात. त्या दिवसांत लिंबाची कोशिंबीर सुचविणे सोपे आहे आणि चवीतही ती कमी नाही.

आपला देश, आपला काल

वसई-विरार महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली, पालघर जिल्हा २०१४ साली अस्तित्वात आला आणि २०११ च्या जनगणनेतच या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. यातील मोठा वर्ग पहाटे घर सोडतो. सकाळी सहाला चिरलेले सलाड डब्यात कोंबले जाते, गर्दीत व दमट उष्म्यात प्रवास करते आणि दुपारी दीडला खाल्ले जाते. चिरलेली, मीठ लावलेली, साडेसात तास बंद राहिलेली भाजी ताजी कशी म्हणावी? अशा रुग्णास आम्ही सुचवू की काकडी, गाजर, पेरू अखंड, धुऊन-पुसून न्यावेत आणि जेवणाच्या वेळी चिरावेत. कूट, जिरेपूड व सैंधव कोरडे मिसळून लहान डबीत वेगळे न्यावे. एवढ्या साध्या बदलाने बराच उपद्रव टळतो.

दुसरी बाब पाण्याची. बहुसंख्य इमारतींत पाणी टाकीतून येते, अनेक ठिकाणी टँकरचे असते. जुलै २०१८ मधील महापुरात वसई-नालासोपाऱ्यात पाणी दिवसेंदिवस साचून राहिले होते, हे आपण विसरलेलो नाही. पावसाळ्यात अतिसार, प्रवाहिका, कामला व विषमज्वर यांचे रुग्ण वाढतात. कच्ची भाजी ज्या पाण्यात धुतली जाते त्या पाण्याइतकीच ती शुद्ध असते. पिण्यायोग्य वाहत्या पाण्याखाली चोळून धुणे, पानांच्या भाज्या पान-पान सुटे करून धुणे, कंद सोलणे आणि मांस-मासे कापण्याची सुरी व पाट वेगळा ठेवणे हे नियम रुग्णास तोंडी सांगावेत. मीठ-हळदीच्या पाण्यात भाजी बुडविली की सर्व जंतू मरतात, हा समज मात्र दूर करावा. कोबीतून 'मेंदूत अळी जाते' अशी भीतीही पसरलेली आहे. दोष कोबीचा नसतो. मानवी मलाने दूषित झालेल्या पाण्यातून वा मातीतून आलेल्या फीतकृमीच्या अंड्यांचा असतो, हे नीट सांगितले पाहिजे.

वर्षाऋतूत अग्नी मंद असतो. त्या काळात अम्ल, लवण व स्निग्ध यांना प्राधान्य द्यावे, असे ऋतुचर्या सांगते. म्हणून आषाढापासून भाद्रपदापर्यंत कच्च्या पालेभाज्या बंद ठेवून, जेवणापूर्वी आल्याचा तुकडा सैंधव लावून आणि जेवणात थोडी वाफवलेली कोशिंबीर एवढेच पुरेसे मानावे.

मोड आलेल्या कडधान्यांचा उल्लेख येथे आवश्यक आहे. सुश्रुतसंहितेत विरूढ धान्य विदाही, गुरू व विष्टंभी म्हटले आहे. २०११ साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय संसर्गाने पन्नासाहून अधिक माणसे दगावली. मोडांना लागणारी ऊब व ओल जंतूंनाही मानवते. मोड वाफवून उसळ करणे ही आपली जुनी रीत आहे आणि तीच सुरक्षित आहे.

औषधालयचालकांसाठी

आपल्या औषधालयांच्या फळीवर पाचक चूर्णांची विक्री उन्हाळ्यात व पावसाळ्यात वाढते. ग्राहक "गॅसवर काहीतरी द्या" म्हणून येतो. त्यास चूर्ण देण्यापूर्वी "रात्री काय जेवता?" एवढा एक प्रश्न विचारला जावा, अशी आमची विनंती आहे. उत्तर कच्च्या सलाडचे असेल तर चूर्णाच्या पुडीबरोबर फोडणीचा सल्लाही द्यावा. हिंग्वाष्टक चूर्ण पहिल्या घासाबरोबर तुपातून घ्यावयाचे असते, जेवणानंतर पाण्याबरोबर फक्की मारावयाचे नसते, हेही पुष्कळांना दुकानातच प्रथम कळते. असा सल्ला देणाऱ्या दुकानाची एखादी पुडी कमी खपेल. पण ग्राहकाचा विश्वास त्याहून मोलाचा आहे.

भाज्यांच्या ताज्या रसांविषयी अधिक सावध असावे. २०१० साली दिल्लीत दुधी व कारल्याचा रस घेतल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञसमिती नेमली. दुधी कडू असल्यास त्यातील कुकुर्बिटासिन हे विषारी द्रव्य उलटी, रक्तस्राव व रक्तदाब खालावण्यास कारण होऊ शकते. रस काढण्यापूर्वी दुधीचा तुकडा चाखावा, कडू असल्यास टाकून द्यावा आणि रस घेतल्यावर त्रास झाल्यास त्वरित रुग्णालय गाठावे, हा सल्ला प्रत्येक दुकानात मराठीत लावलेला असावा. 'कडू ते औषधी' हा समज कारल्यास लागू पडेल, दुधी व काकडीस नाही.

कोणास द्यावी, कोणास देऊ नये

ग्रहणी, जीर्ण अतिसार, तीव्र आध्मान आणि ज्वराच्या आमावस्थेत कच्चे अन्न देऊ नये. दात नसलेल्या वृद्धांस व लहान मुलांस किसून, वाफवून द्यावे. वृक्काच्या जीर्ण विकारात फळे व भाज्यांतील पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते. तेथे मूत्रपिंडविकारतज्ज्ञांशी बोलूनच पथ्य ठरवावे. वॉरफरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असलेल्या रुग्णाने पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू वा घटवू नये. 'के' जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो. मधुमेही रुग्णास फळ चावून खाण्यास सांगावे, रस पिण्यास नव्हे. समाग्नी, निरोगी प्रौढास दुपारच्या जेवणात अर्धी ते एक वाटी कोशिंबीर हितकारकच आहे.

लिहून देण्याची पद्धत काय असावी, याचा एक नमुना आम्ही सुचवितो : "कोवळ्या काकडीची कोशिंबीर, ताजी, तूप-जिरे-हिंगाच्या फोडणीसह, अर्धी वाटी, दुपारच्या जेवणात. रात्री नाही. दही व फळे त्यात नाहीत. पंधरा दिवस. पुढील भेटीत क्षुधा, मलप्रवृत्ती व आध्मान पाहून मात्रा ठरविणे." एवढे लिहिण्यास एक मिनिट लागते.

आपल्या सभासदांनी येत्या तीन महिन्यांत आपापल्या चिकित्सालयात ही पद्धत अवलंबावी, ज्या रुग्णांत लाभ वा त्रास दिसला त्यांची साधी नोंद ठेवावी आणि संघटनेच्या बैठकीत ती मांडावी, असे आमचे आवाहन आहे. ज्या भूमीत भाजी पिकते तेथील वैद्यांनी ती कशी, केव्हा व किती खावी हे सांगावयाचे नाही, तर मग कोणी सांगावयाचे?